उत्तराच्या खोलीतली उजळणी

नेत्राला अर्थशास्त्र अजिबातच कळत नव्हतं असं नाही. कळायचं, पण उत्तराच्या तोंडून ऐकलं तरच. कॉलेजात ओनो-सेन्सेई फळ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढत, निम्मं इंग्रजीत नि निम्मं जपानीत बोलत, आणि नेत्रा ते सगळं इमानेइतबारे वहीत उतरवून घेई. घरी येऊन वही उघडली की मात्र डोक्यात अंधार. मग ती उत्तराला फोन लावी, आणि उत्तरा पाच मिनिटांत असं काही सांगे, की एवढंसं आपल्याला कळू नये याची नेत्राला लाज वाटे.

२००६ सालचा जानेवारी होता. पहिल्या वर्षाची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती आणि मंगळवारी सकाळी मायक्रोइकॉनॉमिक्सचा पेपर होता. शुक्रवारी उत्तराचा मेसेज आला, 'उद्या माझ्याकडे ये. दुपारभर बसून पहिल्या धड्यापासून सगळं उडवू.'

दोघींची ओळख तोक्योतल्या निशी-कासाईतली. नेत्राचे बाबा रविकांत मुंबईहून बँकेच्या बदलीवर आलेले. उत्तराचे बाबा शिरीष पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर. त्या काळात तिथे दर महिन्याला एखादं नवं मराठी बिऱ्हाड उतरायचं आणि जुन्या बिऱ्हाडांनी त्याला कचरा कसा वेगळा करायचा नि हिंग कुठे मिळतो हे शिकवायचं. गेल्या जुलैत शिरीषकाकांचं कंत्राट संपलं. ते आणि ज्योत्स्नाकाकू पुण्याला परतले. उत्तरा पदवी पुरी करायची म्हणून मागे राहिली. तिने हिराई स्टेशनपासून बारा मिनिटांवर एका जुन्या लाकडी दुमजली इमारतीत खोली घेतली आणि संध्याकाळी डबे भरण्याचा अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरलं. निघताना ज्योत्स्नाकाकूंनी नेत्राच्या आईचा हात धरून म्हटलं होतं, "वृंदाताई, तुमच्या भरवशावर ठेवून चाललेय हो."

शनिवारी उजाडल्यापासून बर्फ पडत होता. तोक्योत असा बर्फ क्वचितच. आई दारात येऊन म्हणाली, "आज कशाला जातेस? फोनवर विचार ना काय ते."

"फोनवर आकृत्या कशा काढणार, आई?"

आईने थालीपिठांचा डबा तिच्या हाती दिला आणि म्हणाली, "गरम आहेत. दोघी मिळून खा."

उत्तराची खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. बाहेरून लोखंडी जिना. खाली घरमालकीण मोरिता-सान राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. नेत्रा जिना चढून आत आली तशी उबेची लाट अंगावर आली. खोलीच्या मधोमध रॉकेलचा जुना स्टोव्ह लावलेला होता. समोर जाळी, मागे चकचकीत पत्रा.

"हा कुठून आणलास?"

"कोपऱ्यावर मोठा कचरा ठेवतात ना, तिथे होता. कोणीतरी टाकायला ठेवलेला. उचलून आणला. बघ कसा चालतोय!" उत्तराने अभिमानाने सांगितलं. "आणि वारा कुठूनही येत नाही आता. सगळं बंद केलंय."

खरंच सगळं बंद होतं. खिडकीच्या चारी फटींवर रुंद चिकटपट्टी होती. भिंतीतल्या हवेच्या झडपेवर पुठ्ठा ठोकलेला. दाराच्या खालच्या फटीत तिने जुना टॉवेल गुंडाळून कोंबला.

"खिडकी उघडतच नाहीस?"

"मार्चमध्ये उघडेन," उत्तरा हसली. "बस. सुरुवात करू. ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणजे काय?"

"एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं, ते."

"दुसरं म्हणजे कुठलं? नीट सांग. आज तू इथे आली नसतीस तर काय केलं असतंस?"

"झोपले असते. नाहीतर आईबरोबर खरेदीला गेले असते."

"दोन्हीतलं जास्त काय आवडलं असतं?"

"झोप."

"मग आजच्या दुपारची तुझी किंमत म्हणजे झोप. फक्त झोप. खरेदी त्यात मिळवायची नाही. जे मिळवतील ते मंगळवारी आपटतील."

असं ती शिकवायची. पहिलं थालीपीठ खाताना नेत्राला तिने विचारलं, किती छान लागलं, दहापैकी गुण दे. दुसऱ्याला दे. तिसऱ्याला नेत्राने चार दिले आणि उत्तरा म्हणाली, "झालं, डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी. चौथं तू मला देऊन टाकशील, आणि तेसुद्धा उपकार म्हणून." मग पाऊस आला की कोन्बिनीतल्या, त्या चोवीस तास उघड्या दुकानांतल्या, छत्र्या का खपतात, आणि त्या वेळी मागणीची रेषाच कशी सरकते; छत्री स्वस्त झाली म्हणून जास्त खपली तर मात्र रेषा जागच्या जागी राहते आणि आपण तिच्यावरून चालतो. सरकारने भाड्याला कमाल मर्यादा बांधली तर घरं कमी का पडतात. नेत्राची वही भरत गेली. दीडच्या सुमाराला तिला वाटलं, मंगळवारी काही आपण नापास होत नाही.

दोननंतर कधीतरी गाडी रुळावरून घसरायला लागली. नेमकी कधी, ते नेत्राला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही.

आधी तिचं डोकं दुखायला लागलं. दोन्ही कानशिलांवर कोणी अंगठे दाबून धरावेत तसं. अभ्यासाने दुखतंय, तिला वाटलं. मग जराशी मळमळ. ती थालीपिठांवर गेली. उत्तरा समोर बसलेली. तिचे गाल छान गुलाबी झाले होते. डब्यांच्या कामाने गेले दोन महिने ती ओढल्यासारखी दिसत होती, आणि आज एकदम अशी टवटवीत.

"बर्फ मानवला गं तुला," नेत्रा म्हणाली.

उत्तराने ऐकलं नाही. ती वहीकडे बघत होती. स्टोव्हच्या जाळीवर आता पिवळ्या जिभा वर येत होत्या, लपलपत होत्या. नेत्रा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. बघायला बरं वाटत होतं.

"मागणी," उत्तरा म्हणाली. "किंमत वाढली की मागणी वाढते. रेषा वर जाते. लिही."

"वर?"

"वर. लिही."

नेत्राने लिहिलं.

"भाड्याला मर्यादा घातली की काय होतं? घरं उरतात. सरप्लस."

"मघाशी तू म्हणालीस कमी पडतात."

"सरप्लस," उत्तरा म्हणाली. थोडं थांबून तिने पुन्हा विचारलं, "भाड्याला मर्यादा घातली की काय होतं?" नेत्राने सांगितलं. तिने तिसऱ्यांदा तेच विचारलं.

"उत्तरा, तू उलटसुलट सांगतेयस. माझा पार गोंधळ झालाय."

पेन्सिल भिंतीवर आपटली. उत्तराने फेकली होती. "मग तूच शिकव ना! वर्षभर चमच्याने भरवतेय मी तुला. स्वतःचं डोकं म्हणून काही वापरशील की नाही कधी? जा घरी. जा! आणि इथे रडायचं नाही."

इतक्या वर्षांत उत्तराने कधी आवाज चढवला नव्हता. नेत्रा उठली तेव्हा खोली गरकन फिरली. संतापाने फिरली, असंच तिला वाटलं. तिने वही पिशवीत कोंबली, बूट अर्धेच चढवले. दार ओढून घेताना तिने मागे पाहिलं. उत्तरा बुटक्या टेबलावर कपाळ टेकवून बसली होती. दार बंद झालं, आपोआप कुलूप लागलं.

बस उशिरा होती. स्टेशनसमोरच्या थांब्यावर नेत्रा उभी राहिली, नाक आणि डोळे दोन्ही गळत होते. रस्त्यावर गाड्या गोगलगायीसारख्या चाललेल्या. चमच्याने भरवतेय! ते शब्द पुन्हा पुन्हा कानांत वाजत होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पडद्यावर उत्तराचं नाव. आता माफी मागेल, नेत्राला वाटलं. बघू दे जरा वाट. तिने उचलला नाही. फोन थरथरत राहिला आणि थांबला. पडद्याच्या कोपऱ्यात तीन बेचाळीस झाले होते.

थंड हवेत तिची डोकेदुखी हळूहळू उतरली. मळमळ गेली. बसचा पत्ताच नव्हता, तेव्हा कोन्बिनीच्या छपराखाली जाऊन तिने वही काढली. निदान काय लिहिलंय ते तरी बघावं.

पहिली पानं नेहमीसारखी होती, स्वच्छ. अकराव्या पानापासून अक्षर ओळ सोडून खाली घसरलं होतं. स्वतःचंच अक्षर, पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाने हात कापत लिहावं तसं. 'किंमत वाढली की मागणी वाढते.' 'मर्यादा, सरप्लस.' पुढच्या पानावर तेच वाक्य चारदा. त्याच्या पुढच्या पानावर नुसती एक ओढलेली रेघ, पानाबाहेर गेलेली.

हे आपण लिहिलं? हे उत्तराने सांगितलं? उत्तरा चुकत नसे. झोपेतून उठवून विचारलं तरी तिने हे चुकवलं नसतं. नेत्राच्या मनात पाल चुकचुकली. काय झालंय ते तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय, आणि आपल्यालाही तेच होत होतं, एवढं कळलं. आपण बाहेर आलोय. ती आत आहे.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तो धावता धावताच. बर्फात दोनदा ती घसरून पडली.

मोरिता-सान जिन्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होत्या. नेत्राच्या तोंडून जपानीतल्या एका शब्दापलीकडे काही फुटेना. ती नुसतीच वर बोट दाखवून "किल्ली, किल्ली" म्हणत राहिली. म्हातारीने तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, फावडं टाकलं आणि आत जाऊन किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली.

दार उघडलं. आत धूर नव्हता, काही जळल्याचं दिसत नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं. टेबलावर रिकामा डबा, स्टोव्ह जळतोय, आणि उत्तरा चटईवर कुशीवर झोपलेली, गाल गुलाबी, हातात फोन. कोणी शांत झोपलेल्या माणसाला बघून मागे वळलं असतं.

"खिडकी!" मोरिता-सान किंचाळल्या. "खिडकी उघड! श्वास घेऊ नकोस!"

नेत्राने नखांनी चिकटपट्ट्या ओरबाडल्या. म्हातारीने स्टोव्ह विझवला. मग दोघींनी उत्तराचे दोन हात धरले आणि तिला फरफटत बाहेर जिन्याच्या कठड्यापाशी आणलं. तिच्या उघड्या पायांवर बर्फ पडत होता आणि ती पाय मागे घेत नव्हती.

मोरिता-सान यांनी बोलावलेली रुग्णवाहिका सात मिनिटांत आली. नंतर अग्निशमन दलाच्या माणसाने नेत्राला सावकाश, सोप्या जपानीत समजावलं. बंद खोलीत स्टोव्हला हवा पुरली नाही की तो अर्धवट जळतो, विषारी वायू सोडतो. त्याला ना वास, ना रंग. माणसाला वाटतं आपण थकलोय. चिडचिड होते, चुका होतात, झोप येते. "तुम्ही आणखी अर्ध्या तासाने आला असतात तर..." एवढं बोलून त्याने मान लववली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरा शुद्धीवर आली. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, पण नजर तीच, हुशार. तिला थालीपीठ खाल्लं तिथपर्यंतचं आठवत होतं, पुढचं काही नाही. "भांडलो आपण? खरंच? मी काय बोलले?" तिने विचारलं. नेत्रा म्हणाली, "काही नाही. अभ्यासावरून."

मंगळवारी नेत्राने पेपर दिला. नववा प्रश्न कमाल मर्यादेचा होता. घरं कमी पडतील की उरतील? बरोबर उत्तर तिला माहीत होतं, तरी पेन्सिल हातात तशीच राहिली, आणि शेवटची घंटा होता होता तिने 'कमी पडतील'चा गोल काळा केला.

ज्योत्स्नाकाकू सोमवारीच विमानाने येऊन नेत्राच्या घरी उतरल्या होत्या. त्यांना जपानी येत नसे. पाच वर्षं इथे काढली ती नवऱ्याच्या नि मुलीच्या आधाराने. म्हणून बुधवारी डॉक्टरांनी भेटायला बोलावलं तेव्हा दुभाषी म्हणून नेत्रा गेली. उत्तराला तपासणीसाठी खाली नेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, सुधारणा उत्तम आहे, शुक्रवारी घरी जाता येईल. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. काही रुग्णांमध्ये असं होतं, ते म्हणाले, की माणूस पूर्ण बरा होतो आणि दोन ते चार आठवड्यांनी मेंदूवर पुन्हा परिणाम दिसू लागतो. कदाचित होणार नाही. कदाचित थोडंसं होईल. विसरणं, चाल बदलणं, गप्प होणं, येत असलेली गोष्ट न येणं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी घेऊन या. त्यांनी चारदा 'कदाचित' म्हटलं, आणि मराठीत सांगताना नेत्राने एकही कदाचित गाळला नाही.

ज्योत्स्नाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. "तिला यातलं काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "तिची परीक्षा राहिलीय. मनात भीती घेऊन कशी बसेल? आपण दोघी लक्ष ठेवू."

तो तीन बेचाळीसचा फोन मात्र नेत्राला झोपू देत नव्हता. गुरुवारी सकाळी ज्योत्स्नाकाकू ओट्याशी कणीक मळत होत्या, आई बाहेर गेली होती. नेत्रा शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने एका दमात सांगून टाकलं. तीन बेचाळीसला तिचा फोन आला होता. मी बघितला होता. रागाने उचलला नाही.

काकूंचे हात थांबले नाहीत. "परत गेलीस ना पण? तू गेलीस म्हणून आहे ती," त्या म्हणाल्या. "रडू नकोस."

कणकेचा गोळा त्यांनी उलटा केला, पुन्हा मळला. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "आणि तू खोलीत शिरलीस तेव्हा किती वाजले होते?"

"चार वाजून पाच मिनिटं, काकू."

त्या मळत राहिल्या. पुढे त्यांनी तो विषय कधीच काढला नाही, आणि नेत्राला पुष्कळदा वाटलं, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उत्तरा निशी-कासाईला आली आणि नेत्राच्या खोलीत राहिली. कॉलेजने तिला फेरपरीक्षेची तारीख दिली, फेब्रुवारीची एकवीस. नेत्राची परीक्षा संपली होती, पण रोज जेवणं झाली की दोघी वही घेऊन टेबलाशी बसत. आता प्रश्न नेत्रा विचारी, उत्तरं उत्तरा देई. पहिल्या आठवड्यात ती धडाधड सांगायची. मिठाची किंमत वाढली तरी लोक तेवढंच मीठ का खातात. शाळेजवळच्या एकुलत्या एका दुकानाला भाव वाढवायची हिंमत कुठून येते. नेत्राने चुकीचा प्रश्न विचारला तर तीच दुरुस्त करायची. स्वयंपाकघरातून ज्योत्स्नाकाकू कान देऊन ऐकत. त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. त्या फक्त आवाज ऐकत, तो अडखळतो का ते.

नेत्रा मनात त्या शनिवारपासूनचे दिवस मोजत होती. नऊ. दहा. अकरा.

बाराव्या दिवशी उत्तराने एक चूक केली. चहा आणि कॉफी एकमेकांच्या बदली चालतात, चहा आणि साखर जोडीने लागतात. तिने ते उलट सांगितलं. लगेच जीभ चावली आणि हसली. नेत्राही हसली. कोणीही करील अशी चूक. स्वतः नेत्राने ती वर्षभरात दहादा केली होती. पण आता चूक म्हणजे नुसती चूक राहिली नव्हती. त्या रात्री जेवताना नेत्राने उगाचच विचारलं, "आपल्या वर्गात एकूण किती जणी गं?" आणि नंतर, "तुमच्या पुण्याच्या घराचा पिन कोड काय?"

उत्तराने चमचा खाली ठेवला. "तू गप्पा मारतेयस की माझी परीक्षा घेतेयस?"

 उत्तराने आपल्या आईकडे पाहिलं, मग नेत्राकडे. "डॉक्टर काहीतरी म्हणालेत," ती म्हणाली. "मला सोडून सगळ्यांना माहीत आहे."

तेव्हा मग सांगावं लागलं. उत्तराने शेवटपर्यंत ऐकलं. "किती टक्के लोकांना होतं असं?" एवढंच तिने विचारलं. ते कोणी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली, "मग रोज विचारत जा मला. लपूनछपून नको, सरळ विचार."

त्यानंतर दोघी मिळून पहारा करू लागल्या. रोज सकाळी नेत्रा एक आकृती काढायला सांगे, उत्तरा काढी आणि खाली तारीख घाली. पंधरावा दिवस, सतरावा, अठरावा. रेषा सरळ होत्या. विसाव्या दिवशी ती नेहमीपेक्षा कमी बोलली. "झोप नीट नाही लागली," ती म्हणाली. एकविसाव्या दिवशी आंघोळीहून येताना तिची चाल जराशी फरफटती वाटली. नेत्राने पुन्हा चालायला सांगितलं तर ठीक दिसली. ज्योत्स्नाकाकू म्हणाल्या, "सपाता ओल्या असतील." 

बाविसाव्या दिवशी रविवार होता. बाहेर ऊन होतं. बाबा पेपर वाचत होते. नेत्राने कोरा कागद पुढे केला. "मागणी आणि पुरवठा. समतोल बिंदू दाखव."

उत्तराने पेन्सिल घेतली. एक उभी रेघ, एक आडवी रेघ. उभीच्या टोकाला किंमत, आडवीच्या टोकाला संख्या. हात स्थिर होता, रेघा पट्टीने आखल्यासारख्या. मग तिने पेन्सिल उचलली आणि शेजारी पुन्हा एक उभी रेघ काढली, एक आडवी. नावं घातली. त्याच्या शेजारी तिसरी जोडी. चौथी. नेत्राला वाटलं, ही एकेक प्रकरण वेगळं दाखवणार असेल. पाचवी. सहावी. कागद भरत आला, नीटनेटक्या, रिकाम्या चौकटींनी, आणि आत एकही रेषा नाही.

"उत्तरा, पुढे काढ ना."

उत्तराने वर बघितलं. चेहऱ्यावर एक सभ्य हसू होतं, दुकानात अनोळखी माणसाने रस्ता विचारल्यावर असतं तसं. "हो," ती म्हणाली, आणि सातवी जोडी काढायला लागली.

"बाबा," नेत्रा म्हणाली.  "टॅक्सी बोलवा. आत्ता."

उत्तरा सात आठवडे रुग्णालयात होती. रोज तिला एका मोठ्या नळकांड्यासारख्या कक्षात झोपवून दाबाखाली प्राणवायू देत. आधी ती खालावली. मार्चच्या सुरुवातीला तिला हातात चमचा दिला तर त्याचं काय करायचं ते कळत नसे. एकदा तिने नेत्राला 'काकू' म्हणून हाक मारली. फेरपरीक्षेची तारीख आली आणि गेली, कोणाच्या लक्षातही राहिली नाही. शिरीषकाका पुण्याहून आले, रात्रंदिवस खुर्चीवर बसून राहिले. मग अगदी हळू, इतकी हळू की रोज बघणाऱ्याला कळू नये, ती वळली. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणलंत हे बरं केलंत. या वेळी त्यांनी कदाचित म्हटलं नाही, पण पुढे काही कबूलही केलं नाही. एप्रिलमध्ये आईबापांच्या मध्ये चालत ती विमानात बसली.

नेत्राचं दुसरं वर्ष सुरू झालं. अर्थशास्त्र सोडलं नाही. मागच्या बाकावर बसायची, कोणाला काही विचारायची नाही. रात्र रात्र बसून स्वतःच समजून घ्यायची, आणि गुणही चांगले मिळवायची. पुण्याहून महिन्यातून एकदा ज्योत्स्नाकाकूंचा फोन यायचा. आज पुस्तकाची दोन पानं वाचली. आज भाजी निवडली. आज चिडली, ताट भिरकावलं. नेत्रा ऐकून घ्यायची.

डिसेंबरात ती आईबरोबर भारतात आली आणि कोथरूडला गेली. दार उत्तरानेच उघडलं. केस बारीक कापलेले, अंगाने भरलेली. बोलताना मध्येच शब्द शोधायला थांबे. सापडेपर्यंत नेत्राने तो पुरवायचा नाही, अशी तिची ताकीद होती. पुन्हा कॉलेजात जाणार का, हे नेत्राने विचारलं नाही. उत्तराने आपण होऊन सांगितलं, "न्यूरोवाले म्हणतात, एवढ्यात नको. आकडे... आकडे टिकत नाहीत अजून."

संध्याकाळी दोघी फिरायला निघाल्या. ज्योत्स्नाकाकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या रस्त्याशी आल्यावर नेत्राने तिचा दंड धरला. रिक्षा, बस, स्कूटरींचा लोंढा, सिग्नलला कोणी जुमानत नव्हतं.

"सोड," उत्तरा म्हणाली.

"अगं, गाड्या बघ किती आहेत."

"बघतेय. सोड. मी रोज जाते."

नेत्राने हात सोडला. उत्तरा पदपथाच्या काठाशी उभी राहिली, उजवीकडे बघत. एक बस गेली. दुसरी गेली. मग डावा पाय किंचित ओढत ती उतरली आणि चालायला लागली. एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला, काहीतरी ओरडला. तिने मान वळवली नाही, वेगही वाढवला नाही. नेत्रा काठाशीच उभी होती, आणि तिच्यामध्ये नि उत्तरामध्ये आणखी एक बस आली.